काट्यामागची वाकडी नळी

मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांच्या घरात गेला की फ्रिज-एसीच्या मेकॅनिकला उसंत नसते. तो निळे आणि लाल अशी दोन गेज जोडून आतल्या वायूचा दाब पाहतो. गेजचा काटा फिरवणारी वाकडी नळी, म्हणजे ‘बोर्डन ट्यूब’, ही यूजीन बूर्दाँ या फ्रेंच यंत्रकाराची देणगी.

बूर्दाँ यांचा जन्म ८ एप्रिल १८०८ रोजी पॅरिसमध्ये, रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्यांचा ओढा मात्र यंत्रांकडे. १८३२ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना थाटला आणि वाफेच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती बनवल्या. त्या काळी बॉयलर फुटून माणसे मरत. जास्त दाब मोजायला पाऱ्याच्या उंच नळ्या लागत.

एकदा कारखान्यात वेटोळ्याची नळी चेपली. ती फुगवण्यासाठी एक टोक बंद करून पंपाने आत पाणी भरले, तर नळी गोल होता होता वेटोळेच उलगडू लागले. दाबाने नळी उलगडते, तर उलगडण्यावरून दाब मोजता येईल, हे बूर्दाँ यांनी ओळखले आणि १८४९ मध्ये पेटंट घेतले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्यांना पदक मिळाले. १८७२ मध्ये कारभार मुलाकडे सोपवूनही प्रयोग सुरूच राहिले. १८८४ मध्ये वारा मोजणारे यंत्र तपासताना ते पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

त्यांची नळी दाब सांगते, बिघाड नाही. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी असल्याची शंका घ्यावी. लाल काटा फार वर असेल तर कंडेन्सरवरची धूळ, बंद पंखा किंवा जास्त भरलेला गॅस. कॉम्प्रेसर चालू असूनही दोन्ही काटे जवळपास सारखे असतील, तर दोष बहुधा कॉम्प्रेसरमध्ये.

त्यात आपला उन्हाळा. आर-१३४ए गॅसचे सिलिंडर ३० अंशांवर सुमारे ९७ पीएसआय दाखवते, तेच ४५ अंशांवर सुमारे १५३. म्हणून उन्हाने चढलेला काटा पाहून गॅस सोडून दिला, तर चांगला फ्रिज बिघडतो. २ ते ८ अंशांत ठेवायचे इन्सुलिनही वाया जाते. तेव्हा गॅसला हात लावण्याआधी कंडेन्सर साफ करून घ्या आणि बाहेरचे तापमान किती, हे मेकॅनिकला आवर्जून विचारा.