नातवंडांच्या नावांतील शहाजीराजे

येलहंका हे बंगळूरचे आज एक उपनगर असले, तरी इतिहासात ते बंगळूरचे मातृस्थान आहे. येलहंक्याच्या नाडप्रभू घराण्यातील केंपेगौडांनी 1537 साली मातीचा कोट बांधून बंगळूर वसविले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, 1638 मध्ये, विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या स्वारीत ते शहर या घराण्याच्या हातून गेले आणि तिसरे केंपेगौडा मागडीकडे सरकले. त्या स्वारीत रणदुल्लाखानाच्या सोबत असलेल्या एका मराठा सरदाराकडे बंगळूरची जहागीर आली. ते शहाजीराजे भोसले. शिवछत्रपतींचे वडील म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात आहेत, त्या मराठी कुटुंबांना त्यांची दुसरीही एक ओळख जवळची वाटावी. ती म्हणजे दूरदेशी संसार थाटलेल्या, मुले-नातवंडे लांब लांब विखुरलेल्या घरधन्याची.

शहाजीराजांचे आयुष्य घोड्यावर गेले. वेरूळच्या मालोजीराजांचे हे थोरले पुत्र. 1624 च्या भातवडीच्या लढाईत निजामशाहीला मोठा विजय मिळाला, पण त्याच रणात त्यांचे धाकटे बंधू शरीफजी कामास आले. पुढे निजामशाही तगविण्यासाठी त्यांनी केलेली धडपड 1636 मध्ये माहुलीच्या तहाने संपली आणि आदिलशाहीच्या चाकरीत त्यांना दक्षिणेस यावे लागले. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे असा विस्तीर्ण मुलूख त्यांच्या देखरेखीखाली आला. तळी, माळराने, खडकाळ टेकड्या आणि उन्हाळ्यातही सुसह्य वाटणारी हवा असा हा प्रदेश मोकळ्या रानाची आवड असलेल्या माणसाला रुचला नसता तरच नवल. बंगळुरास त्यांनी आपला दरबार भरविला. त्या दरबारातील अनेक भाषांच्या कवींची गजबज जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात नोंदलेली आहे.

सुमारे 1640 ते 1642 या काळात जिजाबाई आणि बाळ शिवाजीराजे बंगळुरास होते. थोरले पुत्र संभाजीराजे वडिलांपाशीच होते. तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांचे बालपणही याच परिसरात गेले. घर भरलेले असण्याची ही दोन वर्षे. त्यानंतर शहाजीराजांनी पुण्याची जहागीर सांभाळण्यासाठी धाकट्याला आईसह तिकडे रवाना केले. सोबत ध्वज, विश्वासू कारभारी आणि नामवंत अध्यापक दिले, असे ‘शिवभारत’ सांगते. मुलाला दूर पाठविताना बापाने त्याच्या भविष्याची सारी शिदोरी बांधून दिली.

1648 मध्ये जिंजीच्या वेढ्यात मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केले. त्यांच्या सुटकेसाठी दोन मुलांना आपापले किल्ले सोडावे लागले: पुण्याकडे शिवाजीराजांना कोंढाणा, इकडे संभाजीराजांना बंगळूर. 1649 मध्ये राजे सुटले. परंतु काही वर्षांनी, 1655 च्या सुमारास, कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे मारले गेले. भाऊ गमावलेल्या माणसाला आता कर्ता मुलगाही गमवावा लागला.

14 मे 1657 रोजी पुरंदरावर शिवाजीराजांना पुत्र झाला. त्याचे नाव संभाजी ठेवले गेले. बंगळुरात बसलेल्या आजोबांच्या कानी हे नाव पडले असेल, तेव्हा त्यात आनंद आणि हुंदका दोन्ही मिसळलेले असणार. दोन-अडीच वर्षांतच या बाळाची आई सईबाई निवर्तल्या आणि आजी जिजाबाई त्याच्या आई झाल्या. पुढे शहाजीराजे महाराष्ट्रात आले आणि जेजुरीस पिता-पुत्रांची भेट झाली, असे परंपरा सांगते. पालखीतून येणाऱ्या वडिलांच्या बाजूने शिवाजीराजे त्यांचे जोडे हाती घेऊन अनवाणी चालले, ही बखरीतील हकीकत मराठी घरांत आजही सांगितली जाते. त्या वेळी नातू चार-पाच वर्षांचा होता.

भेट आटोपून शहाजीराजे पुन्हा कर्नाटकात परतले. साठी उलटली तरी घोडा आणि शिकार सुटली नव्हती. 23 जानेवारी 1664 रोजी, माघ शुद्ध पंचमीस, आजच्या दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे येथे शिकारीच्या मागे भरधाव जाताना घोड्याचा पाय रानवेलीत अडकला आणि राजे कोसळले ते पुन्हा उठले नाहीत. ही वार्ता कळताच जिजाबाई सती जाण्यास निघाल्या. शिवाजीराजांनी त्यांच्या मांडीवर बसून, गळ्यात मिठी घालून त्यांना परावृत्त केले, असे बखरकार लिहितात. आजोबांच्या मागे सहा वर्षांच्या शंभूराजांची आजी अशी राखली गेली. होदिगेरेस राजांची समाधी आजही आहे.

बंगळूरचा वारसा एकोजींकडे आला. मल्लेश्वरच्या काडु मल्लेश्वर देवालयास त्यांनी 1669 मध्ये दिलेल्या दानाचा शिलालेख उपलब्ध आहे. पुढे त्यांनी तंजावरास राज्य स्थापिले आणि आपल्या थोरल्या मुलाचे नाव शहाजी ठेवले. आजोबांना कधीही न पाहिलेल्या या नातवाने 1684 ते 1712 या काळात तंजावरावर राज्य केले आणि तेलुगू व मराठीत नाट्यरचना केली. आजोबांच्या दरबारातील बहुभाषिकता नातवाच्या लेखणीत उतरली. त्याच्या धाकट्या भावाच्या सरफोजी या नावात भातवडीच्या शरीफजींची आठवण राहिली.

एका नातवाला काकांचे नाव, दुसऱ्याला आजोबांचे, तिसऱ्याला आजोबांच्या भावाचे. पुणे, बंगळूर आणि तंजावर यांच्यात शेकडो कोसांचे अंतर होते. भावाभावांत पुढे वारशावरून तंटाही झाला. तरीही पाळण्यात नाव ठेवताना हे घराणे आपल्या गेलेल्या माणसांना विसरले नाही. येलहंक्याहून दोड्डबळ्ळापूरकडे जाणारा रस्ता राजांच्या जुन्या जहागिरीतूनच जातो. त्या वाटेने जाणाऱ्या मराठी मुलांनी आपल्या आजोबांचे नाव, त्यांचे गाव आणि ते इकडे का आले याची हकीकत घरी विचारून घ्यावी, म्हणजे शहाजीराजांचे स्मरण घडेल.