कमला सोहोनी : अटीवर मिळालेला प्रवेश

सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्या वस्तीतल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण त्यानंतर पंचाऐंशी वर्षांनीसुद्धा संशोधन संस्थेच्या दारात मुलींना अडवलं जात होतं. तिथे अडून बसलेल्या कमला सोहोनी यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

माहेरच्या त्या कमला भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या सख्ख्या भगिनी. जन्म इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन तेव्हा तिथले संचालक होते. त्यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मुकाट्याने घरी परतल्या नाहीत. प्रत्यक्ष रामन यांना भेटून त्यांनी कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटीवर! पहिलं वर्ष पारखून बघायचं, मगच कायम करायचं. कमलाबाईंना हा अपमान आयुष्यभर बोचत राहिला. तरी त्यांनी काम असं केलं की पुढे त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हा श्वसनाला लागणारा घटक असतो, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी आल्या.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी गरिबाच्या ताटातल्या अन्नाचा अभ्यास केला. कडधान्यं, ताडगूळ आणि नीरा, म्हणजे ताडमाडाचा न आंबलेला रस. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर तब्येत सुधारते, असं त्यांना आढळलं. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेच्या संचालकपदासाठी मात्र त्यांना बरीच वर्षं थांबावं लागलं. १९९८ साली त्यांचं निधन झालं.

आम्हाला एकच सांगायचं आहे. शिकलेल्या घरातल्या, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीची ही गत झाली. मग ज्या घरात पहिलीच पिढी शिकते आहे, तिथल्या मुलीला किती अडथळे? त्यात आपण घरातून आणखी अट घालू नये. दहावीनंतर मुलाला सायन्स आणि मुलीला जवळचं, स्वस्तातलं कॉलेज, अशी वाटणी मीरा-भाईंदरच्या चाळींतून अजूनही होते. लोकलची गर्दी, क्लासची फी, प्रॅक्टिकलमुळे होणारा उशीर या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या मुलालाही असतात आणि त्याच्यासाठी आपण वाट काढतोच ना? तशीच वाट मुलीसाठीही काढावी. तिचा प्रवेश बिनशर्त असावा, हीच आमची विनंती.