प्रकाशाचा शोधक इब्न अल्-हैसम

श्रावणातल्या ऊनपावसात आपण ठोसेघरच्या धबधब्यासमोर उभे राहिलात आणि सूर्य पाठीशी असला, तर तुषारांत इंद्रधनुष्य उमटलेले दिसते. सांगलीच्या घाटावर कृष्णेत काठी बुडवा, ती मोडल्यासारखी भासते. ही सारी प्रकाशाची किमया होय. तिचा शास्त्रशुद्ध शोध घेणाऱ्यांत अबू अली अल्-हसन इब्न अल्-हैसम यांचे नाव अग्रभागी आहे. युरोपात ते अल्हाझेन म्हणून ओळखले गेले.

इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा शहरी त्यांचा जन्म झाला. नाईल नदीचे पाणी काबूत आणता येईल, असे ते म्हणत असल्याची वार्ता इजिप्तचा फातिमी खलिफा अल्-हाकिम याच्या कानी गेली. त्याने त्यांना कैरोस बोलावून घेतले. चरित्रकार सांगतात की, अस्वानच्या बाजूला जाऊन पाहणी करताच आपली योजना पार पडणार नाही हे त्यांनी ओळखले आणि तसे कबूलही केले. (कोयनेचे धरण पाहिलेल्या आपल्याला नदी अडवणे म्हणजे काय, हे सांगायला नको. अस्वानचे मोठे धरण पुरे व्हायला १९७० साल उजाडले!) पण खलिफा लहरी होता. त्याच्या रोषाच्या भीतीने त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये खलिफाचा अंत होईपर्यंत घरात कोंडून राहिले.

डोळ्यांतून किरण बाहेर पडतात व वस्तूला स्पर्श करतात, म्हणून ती दिसते, असे युक्लिड, टॉलेमी यांच्यासारखे थोर पंडित मानीत. इब्न अल्-हैसम यांना हे पटले नाही. प्रखर प्रकाशाकडे पाहिले की डोळा दुखतो. मग प्रकाशच डोळ्यात येत असला पाहिजे! त्यांनी अंधाऱ्या खोलीबाहेर निरनिराळ्या जागी दिवे ठेवले. भोकातून आत शिरलेल्या प्रकाशाचे तितकेच ठिपके भिंतीवर पडले. एक दिवा झाकला की नेमका त्याचा ठिपका नाहीसा होई. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकमेकांत मिसळून बिघडत नाही, हे असे साध्या दिव्यांनी सिद्ध झाले. ‘किताब अल्-मनाज़िर’ या सात भागांच्या ग्रंथात त्यांनी परावर्तन व वक्रीभवन यांचाही विचार मांडला.

हवेतही प्रकाश वाकतो. म्हणूनच अजिंक्यताऱ्यावरून मावळता सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो, तेव्हा वस्तुतः तो क्षितिजाखाली गेलेला असतो. मगरिबच्या वेळापत्रकात हा सुमारे अर्ध्या अंशाचा फरक धरलेला असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

इंद्रधनुष्याच्या बाबतीत मात्र ते चुकले. ढग अंतर्गोल आरशासारखा प्रकाश परतवतो, असे त्यांना वाटले. ही चूक लपवण्याचे कारण नाही, कारण ती सुधारली त्यांचाच ग्रंथ अभ्यासणाऱ्याने. सुमारे अडीचशे वर्षांनी इराणातील कमालुद्दीन अल्-फ़ारिसी यांना त्यांचे गुरू कुतुबुद्दीन शिराझी यांनी हा ग्रंथ अभ्यासण्यास सुचविले. कमालुद्दीन यांनी पाण्याने भरलेला काचेचा गोल घेतला. तोच त्यांचा पावसाचा थेंब! अंधाऱ्या खोलीत त्यावर ऊन पाडून त्यांनी पाहिले: किरण आत शिरताना वाकतो, आतून एकदा परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. ठोसेघरच्या तुषारांतही नेमके हेच घडते.

इब्न अल्-हैसम यांचे उत्तरायुष्य कैरोतच गेले. युक्लिड व टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून ते गुजराण करीत. १०४० च्या सुमारास ते निवर्तले. त्यांच्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद १५७२ साली बाझल येथे छापला गेला आणि पुढे केप्लरने तो अभ्यासला.