मोजक्या पेडलांचा किमयागार

शेकडो इफेक्ट्स एकाच पेटीत देणारे मल्टी-इफेक्ट्स युनिट घ्यावे की एकेक पेडल जमवावे, हा प्रश्न आज विरारच्या बोळिंजमधील हौशी गिटारवादकालाही पडतो. जिमी हेंड्रिक्सपुढे पहिला पर्यायच नव्हता.

२७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे जन्मलेला हा डावखुरा वादक उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवीत असे. लष्करातील अल्पकाळाच्या नोकरीनंतर इतरांच्या साथीला वाजवीत त्याने उमेदवारी केली आणि १९६६ मध्ये लंडन गाठले. तेथे रॉजर मेयर या तंत्रज्ञाने बनविलेल्या ऑक्टेव्हियाने ‘पर्पल हेझ’मधील स्वरांना वरच्या सप्तकाची जोड दिली. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात वाह, फझ आणि युनी-व्हाइब एवढीच साधने त्याच्या पायाशी होती. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझचा आवाज तर हवेतील उष्म्यानेही बदले. अशा पेडलचा स्वभाव कानानेच ओळखावा लागे.

१८ सप्टेंबर १९७० रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, लंडनमध्ये त्याचे निधन झाले. आज त्याच्या नादाची नक्कल एका पेटीतही मिळते. साधन कोणतेही निवडले, तरी तो कान मात्र ज्याचा त्यालाच घडवावा लागतो.