चालते खंड आणि आल्फ्रेड वेगेनर

२०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ परिमाणाचे भूकंप झाले. हिमालय कोठे आणि पैनगंगेचे खोरे कोठे! आपला काळा पाषाण तर पिढ्यान्‌पिढ्या अढळ मानलेला. तो का हलावा, असा प्रश्न वाशीम-हिंगोलीच्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाच्या उत्तराची वाट ज्यांच्या विचाराने मोकळी झाली, त्या आल्फ्रेड वेगेनर यांची बहुसंख्य भूशास्त्रज्ञांनी हयातभर अवहेलनाच केली.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. त्यांनी १९०५ साली पदवी मिळविली ती खगोलशास्त्रात आणि व्यवसाय पत्करला तो हवामानशास्त्राचा. पुढल्याच वर्षी भाऊ कुर्ट यांच्यासमवेत बलूनमधून सलग ५२ तासांहून अधिक काळ आकाशात राहून त्यांनी विक्रम केला आणि त्यानंतर ते ग्रीनलंडच्या बर्फात संशोधनास गेले. भूशास्त्राच्या दरबारात त्यांचे आसन असे नव्हतेच, आणि हेच पुढे त्यांच्याविरुद्ध वापरले गेले.

१९१० च्या अखेरीस एक नकाशासंग्रह चाळताना आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, हे त्यांच्या ध्यानी आले. हे इतरांनाही दिसले होते. वेगेनर यांचे वैशिष्ट्य असे, की ते तेथे थांबले नाहीत. ब्राझील व दक्षिण आफ्रिका येथे एकाच गोड्या पाण्यातील प्राण्याचे जीवाश्म का सापडतात? भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथील कोळशाच्या थरांत एकाच वनस्पतीची पाने कशी? उष्ण कटिबंधातील भारतात प्राचीन हिमनद्यांच्या खुणा कशा? असली एक खूण तर विदर्भातच, चंद्रपूर परिसरातील इरई येथे, चुनखडकावरील ओरखड्यांच्या रूपाने १९ व्या शतकात आढळली होती. खंडांना जोडणारे भूसेतू समुद्रात बुडाले, असे तेव्हाचे विद्वान सांगत. खंडांचा हलका खडक खालच्या जड थरात बुडेल कसा, असा वेगेनर यांचा बिनतोड प्रतिप्रश्न होता. खंड पूर्वी एकत्र होते व पुढे दुरावले, हे मत त्यांनी जानेवारी १९१२ मध्ये फ्रँकफुर्ट येथे मांडले. पहिल्या महायुद्धात ते दोनदा जखमी झाले. त्या सक्तीच्या विश्रांतीत लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला.

विरोध कडवा झाला. १९२६ साली न्यूयॉर्कमधील परिसंवादात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. तो सर्वस्वी अन्यायाचा होता, असे मात्र म्हणता येणार नाही. खंडांना ढकलणारे बल म्हणून वेगेनर यांनी पृथ्वीच्या परिवलनाकडे आणि भरती-ओहोटीकडे बोट दाखविले. ही बले फारच क्षीण ठरली. ग्रीनलंड वर्षाला अनेक मीटर सरकते, हा त्यांचा हिशेबही चुकला. परंतु कारण चुकले म्हणून घटनाच घडली नाही, असा निकाल पंडितांनी दिला, तो आमच्या मते अधिक अशास्त्रीय होता.

१९३० साली ते पुन्हा ग्रीनलंडला गेले. हिमपठाराच्या मध्यावरील ठाण्यात सहकाऱ्यांना गाठून, पन्नासाव्या वाढदिवशी, ते ग्रीनलंडवासी रासमुस विलुमसेन यांच्यासह परत निघाले. वाटेतच त्यांचा अंत झाला. विलुमसेन यांनी त्यांना बर्फात नीट पुरून खुणेसाठी त्यांच्या घसरपट्ट्या उभ्या रोवल्या होत्या; त्यावरून मे १९३१ मध्ये देह सापडला. विलुमसेन मात्र कधीच सापडले नाहीत.

न्याय मिळावयास आणखी साडेतीन दशके लागली. समुद्रतळाची मोजणी झाली, तेथे नवे कवच निर्माण होते हे कळले आणि १९६७-६८ च्या सुमारास भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला. एकटे खंड सरकत नाहीत. खंड आणि सागरतळ दोहोंना पाठीवर घेऊन भूपट्ट सरकतात. आपला भूपट्ट उत्तरेकडे येत असता, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाचे थरांवर थर पसरून दख्खनचे पठार बनले. वत्सगुल्मच्या, म्हणजे आपल्या वाशीमच्या, वाकाटकांच्या काळी अजिंठ्याची लेणी कोरली गेली ती याच थरांत. वाशीमचे सपाट माथ्याचे डोंगर हे या थरांचे झिजून उरलेले अवशेष होत. हिमालयाची जात निराळी. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियावर आदळला आणि मधल्या समुद्रातील गाळाचे थर चुरगळून, वळ्या पडून वर उचलले गेले. ही रेटारेटी वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने अजून चालू आहे. अडून राहिलेला खडक ताण असह्य होऊन तुटतो, तेव्हा १९३४ चा बिहारमधला किंवा २०१५ चा नेपाळमधला भूकंप होतो.

दख्खन या सीमेपासून दूर आहे. तथापि रेटा भूपट्टाच्या अंतर्भागातही पोहोचतो आणि लाव्हाखाली दडलेले जुने भंग सरकू शकतात. अढळपणाच्या समजाला पहिला मोठा तडा ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने दिला. तेथे धरणाच्या जलाशयाचाही हात मानला जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला सुमारे दहा हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदे यांखाली सापडून. भूकंपाचा दिवस आधी सांगणे आजही शक्य नाही. कच्ची भिंत मात्र आधी ओळखता येते, आणि वाशीम जिल्ह्यातील जुन्या बांधकामांची अशी पाहणी खेड्यापाड्यांतील शाळांपासून सुरू करावयास कोणाची हरकत नसावी.