आधी चाक, मग विमान

विमानाचा शोध कोणी लावला, असं विचारलं की आपण सगळे डोळे झाकून राइट बंधूंचं नाव घेतो. पण विमान कसं असावं, हे त्यांच्या शंभर वर्षं आधी एका माणसाने मांडून ठेवलं होतं. आणि गंमत म्हणजे विमान करायला निघालेल्या या माणसाला वाटेत आपल्या सायकलच्या चाकाची कल्पना सुचली! त्यांचं नाव सर जॉर्ज केयली.

केयलींचा जन्म २७ डिसेंबर १७७३ रोजी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या स्कारबरो इथे झाला. १७९२ मध्ये वडील वारले आणि अठराव्या वर्षी ब्रॉम्प्टन गावची जहागीर त्यांच्याकडे आली. पैशाची ददात नव्हती. पण त्यांचा जीव होता पक्ष्यांत. तोवर उडायचं म्हणजे पंख फडफडवायचे, अशीच लोकांची समजूत होती. केयलींनी पंख स्थिर ठेवले आणि पुढे ढकलायचं काम वेगळ्या यंत्रावर सोपवलं. १७९९ मध्ये त्यांनी एका चांदीच्या चकतीवर पंखावरच्या बलांची आकृती कोरली. लिफ्ट आणि ड्रॅग! १८०४ मध्ये त्यांनी काठीवर पतंग बसवून छोटं ग्लायडर उडवलंसुद्धा.

आता विमान जमिनीवर धावायचं तर चाकं हवीत. पण तेव्हाची चाकं म्हणजे बैलगाडीसारखी लाकडी. त्यात ओझं खालच्या आऱ्यावर येतं आणि आरा दाबला जातो. बारीक काडी दाबली की वाकते (आपलं बकलिंग!), म्हणून आरे जाड ठेवावे लागतात आणि चाक जड होतं. केयलींनी प्रश्नच उलटा केला. दोरी ढकलून काही उपयोग नाही, पण ओढली तर केवढं वजन पेलते! म्हणून १८०८ मध्ये त्यांनी लाकडी आऱ्यांऐवजी घट्ट ताणलेल्या दोऱ्या सुचवल्या. सगळीकडून ताण असल्यामुळे हब मधोमध राहतो. ओझं आलं की खालचा ताण थोडा कमी होतो, इतकंच.

मात्र हा ताण सगळीकडे सारखा हवा, नाहीतर रिम एका बाजूला ओढली जाते. सायकलवाला चाकाचा आऊट काढतो तो ह्यासाठीच. घरी छोटं विमान बांधणारे हौशी लोक याच्याही पुढे जातात. चाक मोकळ्या दांड्यावर फिरू देतात, जड बाजू खाली येऊन थांबली की समोरच्या बाजूला बारीक वजन लावतात. नाहीतर उतरताना सगळं विमान थरथरतं.

चाक सुचलं, पण इंजिन काही मिळेना. वाफेचं इंजिन फार जड. केयलींनी गरम हवेवर, अगदी बंदुकीच्या दारूवरही इंजिन चालवायचे प्रयोग केले, पण जमलं नाही. तरी ते हात बांधून बसले नाहीत. १८०९-१० मध्ये त्यांनी उड्डाणावर निबंध छापले, १८२५ मध्ये पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं, १८३८ मध्ये लंडनच्या पॉलिटेक्निकच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

शेवटी १८५३ मध्ये, एकोणऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी बिनइंजिनाचं ग्लायडर ब्रॉम्प्टनच्या दरीवरून सोडलं. आत बसवला आपला घोडागाडीवाला! ग्लायडर दरीपार गेलं आणि आदळलं. त्यांच्या नातीने पुढे म्हातारपणी सांगितलं की गाडीवाल्याने लगेच नोकरी सोडायची भाषा केली. त्याला गाडी हाकायला ठेवलं होतं, उडायला नाही.

१५ डिसेंबर १८५७ रोजी केयली गेले. इंजिनचं विमान त्यांनी पाहिलं नाही. तारांची चाकं आधी सायकलला लागली आणि मग विमानाला. १९०९ मध्ये ब्लेरियोने इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा त्याच्या विमानाखाली तारांचीच चाकं होती.

मित्रांनो, एक पार्ट मिळत नाही म्हणून आपला प्रोजेक्ट महिनोन् महिने कपाटात पडून राहतो. केयलींना तर इंजिन आयुष्यभर मिळालं नाही. त्यांनी तोवर चाक करून ठेवलं!