सेवासदनच्या रमाबाई

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ साली आताच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे, कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा अकरा वर्षांच्या रमाबाईंना अक्षरओळखही नव्हती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनी बालिकेशी लग्न केले, अशी टीका झाली. ती अनाठायी नव्हती. मात्र त्यांनीच पत्नीला शिकवले. घरातील स्त्रियांचे टोमणे सोसत रमाबाई मराठीबरोबर इंग्रजीही शिकल्या.

१९०१ साली माधवराव निवर्तले. १९०९ साली रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केले. उशिरा शिकू लागलेल्या, बहुधा विधवा असलेल्या स्त्रियांना तेथे परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मिळाली. त्या काळी हा व्यवसाय कुलीन घरांत कमीपणाचा मानला जाई. परक्या पुरुषांची शुश्रूषा करायची, ही कल्पनाच समाजाला रुचत नव्हती.

संस्थेच्या एका वार्षिक समारंभात या अभ्यासक्रमात यशस्वी झालेली एक केशवपन केलेली विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली. सज्जातील विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. समारोपाला उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी त्या सुशिक्षित म्हणवणाऱ्या तरुणांना खडसावले. तुमच्यापैकी कोणाच्या घरी विधवा बहीण, आत्या वा आई नाही, असे त्यांनी विचारताच सभागृह शांत झाले.

पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले.